मॅग्नेशियम : डबीवरील आणि अंगीं लागणारें

हल्लीं कोल्हापूर शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या पेठांतील औषधांच्या दुकानांतही मॅग्नेशियमच्या गोळ्या मांडलेल्या दिसतात. पायांत गोळे येणें, झोंप न लागणें, थकवा वाटणें अशा तक्रारींवर आमचे कित्येक शेतकरी बंधु त्या आपल्याच मनानें घेतात, आणि ज्या डबीवर आंकडा मोठा ती चांगली असें मानतात. हा समज सोडून द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

खतांच्या बाबतींत हा धडा आपण पूर्वींच शिकलों आहों. रॉक फॉस्फेटमध्यें स्फुरद भरपूर असतो. परंतु शिरोळकडील चुनखडीच्या काळ्या जमिनींत तो पिकास फारसा मिळत नाहीं, आणि चंदगड-आजऱ्याकडील आम्ल तांबड्या जमिनींत मात्र हळूहळू विरघळून उपयोगीं पडतो. अर्थात् जिन्नस किती घातला यापेक्षां विरघळून किती हातीं लागला, हेंच पाहावें लागतें. पोटाचाही न्याय हाच आहे.

मॅग्नेशियम ऑक्साइडच्या वजनांत सुमारें 60 टक्के मॅग्नेशियम असतें. सायट्रेटमध्यें तें सुमारें 16, ग्लायसिनेटमध्यें 14, क्लोराइडमध्यें 12, आणि उसावर आपण फवारतों त्या सल्फेटमध्यें सुमारें 10 टक्के भरतें. म्हणून ऑक्साइडची गोळी लहान, स्वस्त व आंकड्यानें मोठी होते. पण तें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. सारी भिस्त जठरांतील आम्लावर. 2001 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत ऑक्साइडांतील केवळ 4 टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम शरीरांत शोषलें गेलें. क्लोराइडसारख्या विद्राव्य क्षारांतील त्याहून बरेंच अधिक. सायट्रेट ऑक्साइडपेक्षां सरस ठरल्याचें 1990 च्या तपासणींतही दिसलें होतें. न शोषलेलें मॅग्नेशियम आंतड्यांत पाणी ओढून घेतें व जुलाब होतात. म्हणूनच त्याचे कांहीं क्षार रेचक म्हणून देतात.

तथापि, महाग क्षार घेतला म्हणजे काम झालें, असेंही नाहीं. मात्रा जितकी मोठी, तितका तिचा शोषला जाणारा हिस्सा कमी. म्हणून एकदम मोठी मात्रा घेण्यापेक्षां ती विभागून घेणें बरें. शिवाय वृद्धांच्या पायांतील गोळ्यांवर मॅग्नेशियमचा म्हणण्यासारखा गुण येण्याचा संभव नाहीं, असा निष्कर्ष 2020 सालीं अनेक चांचण्या एकत्र तपासून निघाला आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं तर वैद्यांस विचारल्यावांचून ही गोळी घेऊंच नये, कारण अधिक झालेलें मॅग्नेशियम त्यांच्या शरीराबाहेर पडत नाहीं. आम्लपित्तावरील कांहीं औषधें वर्षानुवर्षें घेणाऱ्यांत उलट तें कमी पडूं शकतें. त्यांनींही तपासणी करून घ्यावी. शेतीसाठीं आणलेलें सल्फेट मात्र कोणींही पोटांत घेऊं नये.

या सर्वांहून सोपा मार्ग आपल्या घरींच आहे. ज्वारी, नाचणी, तीळ, भुईमूग, कडधान्यें यांत मॅग्नेशियम चांगलें असतें. पॉलिश केलेल्या तांदळांत त्याचा बराच भाग कोंड्याबरोबर निघून जातो. अन्नांतील मॅग्नेशियमचा साधारण तिसरा हिस्सा शरीर घेतें, आणि कडधान्यास मोड आणल्यानें त्यांतील शोषणास अडथळा करणारीं द्रव्यें कमी होतात. पेठेंतील गव्हाच्या मैद्यापायीं ज्वारीची भाकरी ताटांतून हद्दपार करून मग गोळीस पैसे मोजणें, हा व्यवहार शेतकऱ्यास शोभणारा नाहीं.

ज्यांस गोळी खरोखर आवश्यक ठरेल, त्यांनीं दुकानदारास दोनच प्रश्न विचारावेत : क्षार कोणता, आणि त्यांत प्रत्यक्ष मॅग्नेशियम किती मिलिग्रॅम? खताच्या पोत्यावरील टक्केवारी वाचल्याशिवाय आपण पैसे देत नाहीं. मग पोटांत जाणाऱ्या वस्तूविषयीं एवढी चौकसबुद्धि कां नसावी?