जांभळी नळी भरता, लाल नळीही भरा

प्रति,
मा. आरोग्य उपसंचालक,
अकोला परिमंडळ, अकोला.

विषय : विषाणूजन्य तापाच्या दाखल रुग्णांची क्रिएटिनिन व लघवी तपासणी सक्तीची करण्याबाबत.

महोदय,

पावसाळा लागला की आमच्या लॅबच्या खिडकीवर दिवसभर एकच प्रश्न येतो, "भाऊ, पेशी कितीक आल्या जी?" डेंग्यूने वऱ्हाडातल्या गावोगावी प्लेटलेट शिकवल्या. शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही आज ठाऊक आहे की पेशी लाखाच्या खाली उतरल्या तर पेशंटला अकोल्याला हलवावे लागते. यात आशाताईंचा मोठा वाटा आहे आणि त्याबद्दल तुमच्या विभागाचे आभारच मानायला हवेत. पण तापाच्या पेशंटचा नातेवाईक "क्रिएटिनिन किती आले?" असे विचारताना मी अजून ऐकलेला नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही ही तपासणी क्वचितच असते. ती लिहिली जाते तेव्हा बहुधा तोंडावर सूज आलेली असते, लघवी दिवसातून एकदाच होत असते आणि यंत्र सहा-सात असा आकडा दाखवते. मग डायलिसिसची धावाधाव सुरू होते.

मी अकोट तालुक्यात लॅब टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांविषयी तुम्हाला काही शिकवण्याचा माझा अधिकार नाही. मात्र रक्त कधी येते आणि कशासाठी येते, हे मी रोज पाहतो.

पेशी मोजायच्या तर जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घ्यावे लागते. क्रिएटिनिनसाठी लाल टोपणाची साधी नळी लागते. सुई तीच, शीर तीच. हात एकदा टोचला की दोन्ही नळ्या भरता येतात. डेंग्यूच्या पेशंटचे रक्त पेशींसाठी रोज काढले जाते, कुठे कुठे दिवसातून दोनदाही. म्हणजे किडनीची खबर देणारे रक्त आमच्या हातात रोज येते आणि आम्ही ते फक्त पेशींसाठी वापरतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातही महालॅबमार्फत नमुने गोळा होऊन तपासणीला जातात. यासाठी नवी इमारत नको, नवे पद नको. चिठ्ठीवर एक शब्द वाढवायचा आहे.

तोही दोनदा, आणि माझ्या मागणीचे मर्म इथेच आहे. क्रिएटिनिनचा एकटा आकडा फसवा असतो. अनेक लॅबच्या छापील कागदावर 0.6 ते 1.2 ही नेहमीची कक्षा असते. आता निंदण-खुरपण करणारी, अंगाने काडी झालेली एखादी शेतमजूर बाई घ्या. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते. तिच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे बरी असताना तिचा आकडा 0.6 असू शकतो. तापात तो 1.2 झाला तर आमच्या कागदावर ठळक अक्षर उमटत नाही, खूण होत नाही, रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणून जातो. प्रत्यक्षात आकडा दुप्पट झालेला असतो. केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 48 तासांत 0.3 ची वाढ किंवा सात दिवसांत दीडपट वाढ झाली की ती किडनीची तीव्र इजा धरतात. दुप्पट म्हणजे इजेची दुसरी पायरी. मेळघाटातल्या कुपोषित बाईबद्दल तर हे जास्तच खरे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आहे. तिथला आकडा वेळेत ओळखला नाही, तर पुढची वाट घाटातली आहे.

म्हणून दाखल होताना एक क्रिएटिनिन आणि 48 तासांच्या आत दुसरे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले की फरक नर्सताईंनाही दिसेल.

लघवीची गोष्ट तर याहून सोपी आहे. त्याच सूचनांत म्हटले आहे की वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग सहा तास झाली तर तीही इजाच समजावी. पन्नास किलोच्या माणसाला हे सहा तासांत दीडशे मिलिलिटर पडते. मोजायला खुणा असलेले प्लास्टिकचे भांडे पुरते. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत रक्तातला पातळ भाग वाहिन्यांतून पाझरतो, किडनीकडे रक्त कमी पोहोचते, आणि घरचे मात्र ताप गेला म्हणून सुटकेचा श्वास सोडतात. घरी सोडलेल्या पेशंटला चार ते सहा तास लघवी झाली नाही तर लगेच दवाखान्यात आणा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या डेंग्यू मार्गदर्शिकेत सांगून ठेवले आहे. हे वाक्य आपल्याकडच्या किती डिस्चार्ज कार्डांवर असते? वॉर्डात राउंड होतो तेव्हा बीपी विचारले जाते, ताप विचारला जातो, पेशी विचारल्या जातात. "माय, लघवीले किती वेळा गेली?" हा प्रश्न राहून जातो. बायका तो आपणहून सांगत नाहीत. वॉर्डातले संडास बघून पाणीच कमी पितात, हेही एकदा नोंदवून ठेवतो.

लघवीत बुडवायची पट्टीही आमच्याकडे असते. प्रथिनांचा चौकोन पिवळा असतो, साठ सेकंदांत तो हिरवट होत जातो. नुसत्या तापानेही थोडी प्रथिने लघवीत उतरतात, हे मान्य. म्हणून एका पट्टीवरून कुणाला किडनीचा पेशंट ठरवू नये. पण दुसऱ्या दिवशीही पट्टी हिरवी आली, किंवा सोबत रक्ताचा चौकोनही रंगला, तर त्या पेशंटचे क्रिएटिनिन त्याच दिवशी झाले पाहिजे.

हे सगळीकडेच व्हावे. मग वऱ्हाडातून सुरुवात का? पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्हाला नव्याने सांगायला नको. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर आणि पलीकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद. या गावांत विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. वान धरणावरून 84 खेडी योजना आणावी लागली ती याच कारणाने. किडनीच्या आजाराची तक्रार इथे वर्षानुवर्षे आहे. तो क्षारांनी होतो, कीटकनाशकांनी होतो की उन्हातान्हात राबून, यावर वाद असू शकतो. पण ज्याची किडनी आधीच अर्धी थकली आहे, त्याला डेंग्यू किंवा चिकनगुनिया झाला तर धोका जास्त, यावर वाद नाही. शिवाय इथला उन्हाळा. 2024 च्या मे अखेरीस पारा 45 अंशांपुढे गेला तेव्हा अकोल्यात उन्हासाठी कलम 144 लावावे लागले होते. असा उन्हाळा काढलेल्या शरीरावर पावसाळ्यात डासांचा ताप येतो.

आणि तापाबरोबर येते दुखण्याची सुई. चिकनगुनियात सांधे असे धरतात की माणूस खाटेवरून उठत नाही, ते मी पाहिले आहे. कपाशीत तण माजलेले असताना मजूर "एक सुई मारून द्या, उद्या कामावर जायचे आहे" म्हणतो, त्याला दोष देता येत नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी वेदना थांबतात. पण शरीरात पाणी कमी असताना किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी ज्या द्रव्याच्या बळावर उघडी राहते, तेच द्रव्य ही औषधे रोखतात. डेंग्यूच्या संशयात पॅरासिटामॉलच द्यावे, हा नियम तुमच्या विभागाचाही आहे. तो मेडिकलच्या काउंटरपर्यंत पोहोचलेला नाही. सुट्या गोळ्यांच्या पुडीवर नावही नसते, मग पेशंट तरी काय सांगणार?

किडनीवर वेळेत लक्ष ठेवण्याची संधी कोविडमध्ये आपण एकदा हातातून घालवली. 2021 च्या फेब्रुवारीत दुसऱ्या लाटेची झळ अमरावतीला देशाच्या आधी लागली. 22 फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत टाळेबंदी झाली. सगळ्यांचे डोळे ऑक्सिमीटरवर होते, आणि ते साहजिक होते. पण न्यूयॉर्कच्या नॉर्थवेल रुग्णालय समूहाने 2020 मध्येच 5,449 दाखल रुग्णांचा अभ्यास मांडला होता. त्यातल्या 36.6 टक्के रुग्णांच्या किडनीला तीव्र इजा झालेली होती. अशी इजा झालेल्या माणसाची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, असे केडीआयजीओच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे बरे होऊन घरी गेलेल्या किती जणांना कुणी तीन महिन्यांनी बोलावले?

कुणी म्हणेल, क्रिएटिनिन उशिरा वाढते, तोवर किडनीचे बरेचसे काम मंदावलेले असते. खरे आहे. त्यासाठीच एनजीएएलसारख्या नव्या चाचण्या आल्या. लघवीतली दोन प्रथिने मोजून इजेची आगाऊ सूचना देणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या औषध नियामकाने 2014 मध्ये परवानगी दिली. अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये किंवा अमरावतीच्या सुपर स्पेशालिटीत अतिदक्षता विभागासाठी त्यांचा विचार जरूर व्हावा. पण तालुक्याच्या पेशंटला महागड्या किटची वाट पाहायला लावू नका. साधे क्रिएटिनिनसुद्धा आज वेळेवर होत नाही, तिथे आधी तेच होऊ द्या.

महोदय, एक परिपत्रक काढा. डेंग्यू, चिकनगुनिया, कोविड, फ्लू किंवा निदान न झालेल्या तापाने दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाची लघवीची पट्टी पहिल्या दिवशी, क्रिएटिनिन पहिल्या दिवशी आणि पुन्हा 48 तासांत. दोन्ही आकडे आणि चोवीस तासांची लघवी पेशींच्या रकान्याशेजारी लिहिलेली असावी. ज्यांचा आकडा वाढला, त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर तीन महिन्यांनंतरची तारीख घालून त्यांची यादी आशाताईंकडे द्यावी. खासगी दवाखान्यांना आणि मेडिकलवाल्यांना वेदनाशामकांबाबत लेखी सूचना जावी. परिमंडळाच्या पाचही जिल्ह्यांत एकदम जमत नसेल, तर अकोट, तेल्हारा, दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जी या चार तालुक्यांतल्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांपासून सुरू करा. परिपत्रक मृगाच्या आधी निघाले पाहिजे, कारण जुलैत खाटा भरल्यावर नवा रकाना भरायला कुणाला सवड नसते.

आपला विश्वासू,
अकोट तालुक्यातील एक लॅब टेक्निशियन