न दिसणाऱ्या सुरीची राखण



‘लेसर’ हा शब्द आपल्या हिंगोली जिल्ह्यात आता पोराटोरांच्या तोंडी झालाय. औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहायची आहे ना! एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिला मंजुरी दिली. ४-४ किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन नळ्यांतून लेसरचा किरण धावणार आणि अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणार. त्यामुळे वर्गात कुणीतरी विचारतंच, “सर, लेसरनं लोखंडसुद्धा कापतं म्हणे. खरं का?”

खरं आहे. पण लायगोचा लेसर मोजण्यासाठी आहे, कापण्यासाठी नाही. कापणारा लेसर आमच्या मुलांनी गेल्या सुट्टीत एका कार्यशाळेत जवळून पाहिला. त्या दिवशी मुलं बरंच शिकली, आणि त्यांचा हा मास्तरही शिकला. तीच गोष्ट आज सांगतो.

भिंगानं ऊन एका ठिपक्यावर गोळा करून वाळलं पान जाळलंय ना तुम्ही? लेसर कटरचं तत्त्व तेच. यंत्रात काचेची एक लांब नळी असते. तिच्यात कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम हे वायू असतात. वीज दिली की नळीतून किरण निघतो, आरशांवरून वळत वळत भिंगापर्यंत येतो आणि खाली ठेवलेल्या फळीवर बारीक ठिपक्यात गोळा होतो. संगणकावर जशी रेघ काढाल तसं भिंग फिरतं आणि फळी कापली जाते.

या कार्बन डायऑक्साइड लेसरचा शोध कुणी लावला, माहीत आहे? आपल्या बारामतीत १९३८ साली जन्मलेल्या कुमार पटेल यांनी! पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते अमेरिकेत गेले आणि १९६४ साली बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेसर तयार केला.

आता या किरणाची मोठी खोड ऐका. तो डोळ्यांना दिसतच नाही! यंत्रात लाल ठिपका दिसतो, तो फक्त ‘इथं कापणार’ एवढं दाखवायला. खरा किरण अदृश्य. अंगावर पडला तर भाजतो, डोळ्यावर पडला तर बुबुळाला इजा करतो. म्हणून यंत्राला झाकण असतं. झाकणाच्या पारदर्शक खिडकीतून आपल्याला आतलं दिसतं, पण हा किरण तिच्यातून बाहेर येत नाही. झाकण उघडलं की किरण आपोआप बंद व्हावा, यासाठी चांगल्या यंत्राला एक बटण बसवलेलं असतं. काही अतिशहाणे त्यावर चिकटपट्टी लावून ठेवतात. तसं कधीही करायचं नाही.

आमची ती कार्यशाळा सगळ्यांची होती. सकाळी कॉलेजची मुलं, दुपारी आम्ही, संध्याकाळी एखादा कारागीर. गावच्या हापशासारखंच की! एकानं मोडला तर सगळ्यांच्या घागरी रिकाम्या.

पहिलीच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या नकाशाचं कोडं करायचं, असं आम्ही ठरवलं होतं. ३६ जिल्ह्यांचे ३६ तुकडे. आमच्या एका पठ्ठ्यानं प्रकल्पातून उरलेला सनबोर्ड सोबत आणला होता. पांढराशुभ्र, हलका. कार्यशाळेच्या ताईंनी तो हातात घेतला आणि मान हलवली.

“हा नाही चालायचा.”

“का हो ताई? कापायला तर सोपा आहे!”

“सोपा आहे, पण हा पीव्हीसीचा आहे. किरण लागला की यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो ओलाव्यात मिसळला की काय होतं?”

सातवीतली एक मुलगी म्हणाली, “हायड्रोक्लोरिक आम्ल!”

“बरोबर. आणि ओलावा तर आपल्या नाकात, घशात, फुफ्फुसातही असतो. शिवाय यंत्राच्या लोखंडाला गंज चढतो. तुम्ही घरी जाल, पण उद्या येणाऱ्यांनी काय करायचं?”

पठ्ठ्यानं सनबोर्ड गुपचूप दप्तरात ठेवला. रेक्झिन आणि फ्लेक्सच्या बॅनरमध्येही बहुधा पीव्हीसीच असतं. कशाचं आहे ते कळत नसेल, तर ती वस्तू यंत्रात घालायचीच नाही.

मग आधी पुठ्ठ्यावर नमुना कापायचं ठरलं. ताईंनी त्याच मुलीला राखणदार नेमलं. “तुझं काम एकच. नजर हलवायची नाही. ज्योत दिसली की हे लाल बटण दाबायचं. सर, तुम्हीही इथंच थांबा.” आणि त्या पलीकडच्या टेबलाकडे गेल्या.

मी मनात म्हटलं, पुठ्ठाच तर आहे! तेवढ्यात माझा फोन वाजला. मी पाठ फिरवली. मोजून अर्धा मिनिट झाला असेल-नसेल, यंत्राचा आवाज थांबला आणि पाठोपाठ हाक आली, “ताई, जाळ!”

वळून बघतो तो काय, पुठ्ठ्यावर निरांजनाच्या वातीएवढी ज्योत! मुलीनं आधी बटण दाबलं होतं, मग हाक मारली होती. ताईंनी धावत येऊन ओलं फडकं टाकलं. ज्योत विझली. जळाला होता तो नेमका आपल्या मराठवाड्याचा कोपरा!

कारण लगेच सापडलं. कापताना ज्योत धरू नये म्हणून भिंगाजवळ एका बारीक नळीतून हवेचा झोत सोडतात. ती नळी निसटली होती. पण ताईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच. “सर, तुम्ही कुठं बघत होतात?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी एक वही पुढे केली. तारीख, वेळ, नळी सैल, सरांचं लक्ष नव्हतं, असं सगळं मलाच लिहायला लावलं. वर म्हणाल्या, “तुमचं नाव खराब करायला नाही हो. उद्या येणाऱ्यानं आधी नळी तपासावी म्हणून.”

मुलांनो, चूक लपवली तर ती पुढच्याची वाट बघत बसते. लिहून ठेवली तर पुढचा सावध होतो.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करता करता शिकायचं, ही तिथली रीत. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मदतीनं तिथं ‘फॅब लॅब’ म्हणजे सगळ्यांसाठीची कार्यशाळा सुरू झाली. आता जगभर अशा कार्यशाळा आहेत आणि त्यांची एक सामायिक सनदही आहे. माणसांना आणि यंत्रांना इजा होऊ द्यायची नाही, साफसफाईत हात लावायचा आणि शिकलेलं पुढच्याला सांगायचं, या जबाबदाऱ्या त्यात दिल्या आहेत. ताईंची वही म्हणजे दुसरं काय!

तर हे नियम वहीत उतरवून घ्या :

१. मोठं जाणकार माणूस जवळ असल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही.
२. सुरू करण्याआधी धूर ओढणारा पंखा, हवेची नळी आणि नळी थंड ठेवणारं पाणी तपासायचं.
३. वस्तू कशाची आहे हे नक्की माहीत असेल तरच आत ठेवायची.
४. यंत्र चालू असताना एक जण फक्त राखण करणार. गप्पा नाहीत, फोन नाही.
५. ज्योत दिसली तर आधी लाल बटण, मग हाक. झाकण उघडायचं काम मोठ्यांचं.
६. अग्निशामक नळकांडं कुठं आहे ते आल्याबरोबर बघून ठेवायचं.
७. जाताना जाळीवरचे तुकडे काढायचे. तेच उद्या पेट घेतात.

पालकांनाही दोन शब्द. हळद शिजत असताना आपण भट्टी सोडून जातो का? मळणीयंत्राजवळ लेकराला एकटं सोडतो का? नाही ना? हे यंत्र दिसायला साधी पेटी, म्हणून आपण फसतो. मी फसलोच होतो. मुलांना त्याच्यापासून लांब ठेवू नका, पण सोबत उभे राहा, आणि फोन खिशातच राहू द्या.

नंतर आम्ही प्लायवूडवर नकाशा कापला. तो पहिलीची मुलं रोज जुळवतात. जळका पुठ्ठा मात्र मी वर्गात टांगून ठेवलाय. नवीन मुलं विचारतात, “सर, हे कुणी जाळलं?” मी सांगतो, “मी.” आणि मग गोष्ट पहिल्यापासून सुरू होते.

या आठवड्याचं काम : मोठ्यांसोबत जवळच्या नेमप्लेट-ट्रॉफीच्या दुकानात जा. तिथं लेसर कटर असेल तर लांबून बघा आणि दुकानदारकाकांना विचारा, “काका, तुम्ही यात काय कापत नाही? आणि का?” उत्तर वहीत लिहून ठेवा.

भेटू पुढच्या अंकात!

तुमचे सर