भागीदार शोधताय? आधी ‘सत्या’ बघा



या आठवड्यात हिशोबाचा धडा नाही. गृहपाठ म्हणून एक सिनेमा बघायचा आहे: राम गोपाल वर्मांचा १९९८चा ‘सत्या’. “गुंडांच्या सिनेमातून धंदा काय शिकायचा?” असं म्हणाल. गुंडगिरी शिकायचीच नाहीये. बघायची आहे ती सत्या आणि भिकू म्हात्रेची जोडी.

सत्या मुंबईत नवखा. मागेपुढे कोणी नाही, बोलणं मोजकं, डोकं थंड. भिकू एकदम उलटा. मोठ्याने हसणार, मोठ्याने भांडणार, घरी बायको-मुलं, बाहेर टोळी. दोघं भेटतात तुरुंगात, तेही मारामारी करत! हा पोरगा घाबरत नाही, हे भिकूला आवडतं आणि तिथून मैत्री जमते. पुढे भिकूची माणसं आणि सत्याचं डोकं, अशी वाटणी आपोआप होते. मनोज बाजपेयींना भिकूसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही.

आता आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीत या. भागीदार कुठे सापडतो? सोसायटीत, कॉलेजात, नाहीतर रोजच्या लोकलच्या ग्रुपमध्ये. दोघंही गोड बोलण्यात पटाईत, पण उधारी वसूल कोण करणार? माझं स्पष्ट मत आहे: स्वभाव जुळणारा मित्र माथेरानला न्या. धंद्यात मात्र आपल्यात जे नाही, ते ज्याच्याकडे आहे त्याला घ्या.

पण एवढ्यावर थांबू नका, सिनेमाचा दुसरा भागही नीट बघा. तिथे सगळा व्यवहार शब्दावर चालतो. शब्द फिरला की दाद मागायला कोर्ट नाही, म्हणून वाद बंदुकीनेच मिटतो. तुमच्याकडे कागद आहे, तो वापरा! भागीदारी कायदा १९३२चाच आहे. त्याच्या कलम २५प्रमाणे फर्मच्या पूर्ण देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. आणि फर्म नोंदलेली नसेल, तर कलम ६९मुळे करारातले पैसे बुडवणाऱ्या ग्राहकावर फर्मला दावा लावता येत नाही. “अरे, आपल्यात कसला करार?” असं म्हणणारा मित्र कितीही जिवलग असू दे, आधी सही, मग शटर वर.

अजून एक. सत्या आपलं काम विद्यापासून लपवतो. घरच्यांपासून लपवावा लागतो, तो धंदाच चुकीचा.

शेवट सांगत नाही. मुलं झोपल्यावर बघा, रक्तपात बराच आहे. मग कागदावर दोनच ओळी लिहा: माझ्यात काय कमी आहे? आणि ते कोणाकडे आहे?

भेटू पुढच्या आठवड्यात. लागा कामाला!