सरन्यायाधीश 'डिमिट' झाले म्हणजे राजीनामा दिला का? या इंग्रजी शब्दाची भानगड काय आहे?

सरन्यायाधीशांचा शेवटचा दिवस आला की इंग्रजी बातम्यांत 'डिमिट्स ऑफिस' हे शब्द हमखास दिसतात. डिक्शनरी उघडली तर 'डिमिट'चा अर्थ सापडतो राजीनामा देणं. मग वाचणारा गोंधळतो, यांनी राजीनामा कधी दिला?

तर राजीनामा दिलेला नसतो. अमरावतीचे भूषण गवई २३ नोव्हेंबर २०२५ ला सरन्यायाधीशपदावरून गेले ते वयामुळे. सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला ६५ व्या वर्षी निवृत्त व्हावं लागतं, घटनेच्या कलम १२४ मध्येच ते लिहिलंय. भारतातल्या इंग्रजीने 'डिमिट'चा अर्थ सैल करून 'पद सोडणं' एवढाच ठेवलाय. उलट जगदीप धनखड यांनी २१ जुलै २०२५ ला मुदत संपायला दोन वर्षं बाकी असताना, तब्येतीचं कारण देऊन उपराष्ट्रपतीपद सोडलं. तो खराखुरा राजीनामा.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. 'मित्तेरे' म्हणजे पाठवणं आणि 'दिमित्तेरे' म्हणजे दूर पाठवणं, जाऊ देणं. ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. गंमत म्हणजे 'डिसमिस' हा शब्दही याच मुळातून आलाय. म्हणजे माणूस आपणहून गेला तर डिमिट आणि घालवून दिला तर डिसमिस. आपल्याकडे पायउतार होणं आणि उचलबांगडी होणं यात जेवढं अंतर आहे तेवढंच.

पण आपणहून गेला हे ठरवायचं कुणी?

स्कॉटलंडची राणी मेरी १५६७ मध्ये लॉकलेव्हनच्या किल्ल्यात कैदेत होती. २४ जुलैला तिथेच तिने राजत्यागाच्या कागदांवर सह्या केल्या. इतिहासात त्याला 'डिमिशन' म्हणतात. मुकुट गेला तिच्या जेमतेम वर्षाच्या मुलाकडे. पुढच्या वर्षी ती किल्ल्यातून निसटली आणि म्हणाली, सह्या जबरदस्तीने घेतल्या होत्या. पण मुकुट काही परत मिळाला नाही.

आता आपला 'राजीनामा' बघा. राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे कागद. थोडक्यात संमतीपत्र. हिंदी-उर्दूत आजही राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद, पद सोडायला तिकडे 'इस्तीफा' म्हणतात. मुंबई इलाख्यात शेतकरी जमिनीवरचा हक्क सोडायचा तेव्हा राजीनामा लिहून द्यायचा आणि नवा कब्जेदार कबुलायत. तिथून तो खुर्चीला चिकटला असावा, असं मानायला जागा आहे. मराठी शब्दातच 'मी राजी आहे' हे आलंय, मनात काहीही असो.

आणि कोर्टही कागदच बघतं. २९ जून २०२२ ला, बहुमत चाचणीच्या आदल्या रात्री उद्धव ठाकरेंनी मुख्यमंत्रीपदाचा राजीनामा दिला. ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने म्हटलं की राज्यपालांनी चाचणी बोलावणं योग्य नव्हतं. पण ठाकरे चाचणीला सामोरे गेले नाहीत, त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही.