वेगळं अर्थिंग, म्हणे!

आमच्या हॅम मंडळींत एक समजूत घट्ट रुतून बसली आहे. टॉवरचं अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून वेगळं ठेवा, म्हणजे टॉवरवर वीज पडली तरी घर सुरक्षित. ऐकायला किती बरं वाटतं! मला मात्र साफ अमान्य.

साधा हिशोब करा. विजेच्या एका झटक्यात ३०,००० अँपिअर सहज असतात. टॉवरच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम धरला, तरी टॉवरचा बुंधा क्षणभर दीड लाख व्होल्टवर जातो. घराचा खड्डा त्या मानाने शून्यावरच. आता या दोघांच्या मध्ये काय आहे? तुमचा रेडिओ! एकीकडून अँटेनाची केबल, दुसरीकडून थ्री-पिन. म्हणजे खड्डे तुम्ही जोडलेतच, फक्त तांब्याच्या पट्टीऐवजी महागड्या रिगमधून. त्यापेक्षा ते बाहेरच्या बाहेर जमिनीखालून जोडा ना. केबल घरात शिरते तिथे अरेस्टर लावा, तोही त्याच पट्टीला बांधा. आणि पट्टी काटकोनात वळवू नका, वीज तिथून उडी मारते.

"ढग आले की मी केबल काढतो," हे ठरलेलं उत्तर. वळवाच्या विजा एप्रिल-मे महिन्यांत कडाडतात तेव्हा तुम्ही ऑफिसात असता, त्याचं काय? शिवाय काढलेली केबल टेबलावरच लोंबत असते!

जस्ताच्या पाइपावर थेट तांब्याचा क्लॅम्प आवळणारे महाभाग तर विचारू नका. ओलाव्यात जस्त खाल्लं जातं, जोड सैल होतो, वरून सगळं ठाकठीक दिसतं. रिगवर पैसे उधळणारे हेच लोक स्टेनलेसच्या क्लॅम्पला कुरकुरतात. पाडवा झाला की पाना घेऊन एकदा टॉवरच्या बुडाशी बसा की राव.