शुश्रूषेची परीक्षा रुग्णाच्या खाटेपाशीच!

परिचारिकेचे शिक्षण पडद्यावरून देता येते काय, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी कोणी विचारला असता तर त्याची थट्टाच झाली असती. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने देशाची दारे बंद केली आणि उत्तराची वाट न पाहता तो प्रश्न निकालात निघाला. नाडी, रक्तदाब आणि जंतुनाशन यांचे पाठ मोबाइलच्या वीतभर पडद्यावर सुरू झाले. आपत्काळी जे केले त्याबद्दल कोणाला बोल लावण्याचे कारण नाही. परंतु साथ ओसरली तरी पडदा हटला नाही. तो आता राहणारच असेल, तर त्याची झडती घेणे हे शासनाचे, विद्यापीठाचे आणि समाजाचेही कर्तव्य ठरते.

ऑनलाइन शिक्षणाचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. शरीररचना, औषधांचे गुणधर्म, मात्रेचे गणित हे विषय पडद्यावरून उत्तम शिकवता येतात. पाठ समजला नाही तर तो पुन्हा ऐकता येतो. मुंबई-पुण्याच्या नामवंत अध्यापिकेचे व्याख्यान भूम-परंड्याच्या मुलीपर्यंत पोहोचते. नोकरीतील परिचारिकांना घर आणि पाळी सांभाळून पुढे शिकता यावे म्हणून इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणाचा मार्ग पूर्वीच चोखाळला होता. पण तेथेही प्रात्यक्षिकाला फाटा दिलेला नव्हता, हे विसरता कामा नये.

प्रश्न आहे तो या शिक्षणाचे मोजमाप कशाने करायचे, हा. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: शिकणाऱ्याला ते आवडले काय, तो शिकला काय, कामावर त्याचे वागणे बदलले काय, आणि त्या कामाचे फळ सुधारले काय. आपल्याकडे बहुधा पहिल्याच पायरीवर बैठक मारली जाते. किती जणी हजर होत्या आणि कितीजणींनी ‘समाधानकारक’ या शब्दापुढे खूण केली, एवढ्यावर पद्धत यशस्वी ठरते. ज्याच्या हातात सलाईनची सुई जायची त्या रुग्णाचे समाधान मात्र कोणीच विचारात घेत नाही!

परदेशात याची कसोशीने तपासणी झाली आहे. अमेरिकेच्या परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे निम्म्यापर्यंतचे तास कृत्रिम सरावाला दिले, तरी परीक्षेत आणि नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांतील कामात लक्षणीय फरक दिसला नाही. या निष्कर्षाचा हवाला देऊन वॉर्डातील तास कापू पाहणाऱ्यांनी तो नीट वाचावा. तो सराव मानवाकृती पुतळ्यांवर, सुसज्ज प्रयोगशाळेत, प्रशिक्षित अध्यापकांच्या देखरेखीखाली झाला होता. घरी बसून चित्रफीत पाहणे म्हणजे तो सराव नव्हे. काठावर बसून पोहणे येत नाही. मग चित्रफीत पाहून शीर सापडेल कशी?

धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी धार येते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत या जिल्ह्याचे नाव आले, ते विकासात मागे राहिल्यामुळेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात इंटरनेट कधीही वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ३८ होते, पुरुषांचे ६० हून अधिक. ग्रामीण स्त्रियांत ते आणखी कमी होते. घरात एकच मोबाइल आणि तोही भावाच्या खिशात, अशा स्थितीत अभ्यास करणारी मुलगी मागे पडली, तर नापास कोण झाले: ती की पद्धती?

या जिल्ह्याला कुशल हातांची किंमत कोणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उमरगा आणि लोहारा भागातील गावे ढिगाऱ्याखाली गेली, तेव्हा हातात कसब असलेल्या माणसाचे मोल सर्वांनी पाहिले. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले, तेही प्रत्यक्ष कामात घालूनच. २०२२ मध्ये धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने शिक्षणाचे एक मोठे साधन आता जिल्ह्याच्या दाराशी आले आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात पदवीपूर्वी प्रात्यक्षिकांची शंभर टक्के उपस्थिती सांगितली आहे. ती कागदावर नव्हे, वॉर्डात भरली पाहिजे. ऑनलाइन शिकलेल्या आणि वर्गात शिकलेल्या विद्यार्थिनींची कसोटी एकच असावी. डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली टप्प्याटप्प्याची प्रात्यक्षिक परीक्षा त्यासाठी उपयोगी आहे. तीत प्रत्येक विद्यार्थिनी ठरावीक वेळात एकेक कृती करून दाखवते आणि परीक्षक ठरलेल्या यादीनुसार गुण देतो. हे परीक्षक बाहेरचे असावेत. नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांनी वॉर्डप्रमुख सिस्टरचा अभिप्राय घ्यावा आणि सर्व निष्कर्ष जाहीर करावेत. पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय पाहता येतील, अशी सोय प्रत्येक विद्यालयात हवी. वैद्यकीय महाविद्यालयात सरावाची प्रयोगशाळा असावी आणि ती जिल्ह्यातील सर्व परिचारिका विद्यालयांना खुली व्हावी.

यावर असे म्हटले जाईल की, अध्यापकच पुरेसे नाहीत. पडद्याने ती उणीव भरून निघते. हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे, पण त्याचा शेवट आम्ही निराळा करतो. एका चित्रफितीने अध्यापिकेचे फळ्यापुढचे दहा तास वाचत असतील, तर ते दहा तास तिने विद्यार्थिनीशेजारी, रुग्णाच्या खाटेपाशी द्यावेत. ऑनलाइन शिक्षणाची खरी किंमत या एका गोष्टीवर ठरेल. वाचलेला वेळ वॉर्डात परत आला तर ते वरदान आहे. पगाराच्या बचतीत जिरला तर ती रुग्णांची फसवणूक आहे.

पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना शुश्रूषेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडले, तेव्हा समाजाने नाके मुरडली होती. त्या स्त्रियांनी समाजाचे मत पालटले ते वादविवादाने नव्हे, तर रुग्णशय्येपाशी केलेल्या कामाने. आजच्या मुलींना आधुनिक साधने अवश्य द्यावीत. मात्र प्रमाणपत्र हाती देण्यापूर्वी त्यांचे हात रुग्णाच्या सेवेत तयार झाले आहेत की नाहीत, हे पाहिलेच पाहिजे. मध्यरात्री अडलेली बाळंतीण दवाखान्यात येते, तेव्हा सिस्टरने किती व्याख्याने पाहिली हे ती विचारीत नाही. तिला फक्त न थरथरणारे हात हवे असतात.