'झालं' म्हणजे नक्की काय झालं?

हॉस्टेलवर सध्या एक नवी हौस आली आहे. रात्री दोनला क्रॉन लावायचा, प्रोजेक्टचा बॅकअप आपोआप घ्यायचा आणि काम संपलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात 'बॅकअप पूर्ण' अशी पाटी झळकवायची. हौस चांगलीच आहे. पण मित्रहो, माझं म्हणणं असं की ही पाटी बहुतेक वेळा काहीच सांगत नाही.

क्रॉन हा जुना गडी. १९७९ च्या सातव्या युनिक्समध्येही तो होता. वेळ झाली की कमांड चालवतो, बस्स! कमांड काही बोललीच तर ते मालकाला मेलने कळवतो. आपल्या लॅपटॉपवर ती मेलची सोय सहसा नसते, म्हणजे बोलणं हवेत विरलं. शिवाय त्याला आपला डेस्कटॉप दिसत नाही. टर्मिनलमध्ये नीट चालणारी नोटिफाय-सेंड क्रॉनमध्ये गप्प बसते ती म्हणूनच. तिला आपल्या सेशनच्या डी-बसचा पत्ता द्यावा लागतो.

बरं, पाटी आली तरी काय? ती स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत असेल तर वरच्या ओळी फसल्या तरी येणारच. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा ठेवून जाते. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड. तो न बघता 'पूर्ण' म्हणणं म्हणजे पेपर न तपासता पास करणं.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधला तर तो नव्हताच. बॅकअपचा प्रोग्राम चुकीच्या व्हर्जनचा असल्याने फसत होता. फसल्याचे मेल निघत होते, पण ते पोचण्याआधीच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने घेतलेली प्रत होती, म्हणून तेवढ्यावर निभावलं. मेल येत नाही म्हणजे सगळं ठीक, हा समज त्यांना भोवला.

कुणी म्हणेल, रोज पाटी आली की आपण न वाचताच बंद करतो. खरं आहे. म्हणूनच यशाची पाटी एका ओळीची असावी, त्यात तारीख आणि फाईलची साईज हवी. अपयशाची मात्र आपण बंद करेपर्यंत हटता कामा नये. आणि सकाळी दोन्हींपैकी एकही दिसली नाही, तर तेही अपयशच समजावं.

या रविवारी आपला बॅकअप दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडून बघाच. सबमिशनच्या आदल्या रात्री गाईड सरांना 'पाटी तर आली होती' सांगून भागत नाही.